सुपरवायझर निवडताना स्वभावचाचणीच्या अहवालावर किती विसंबावे?

प्रश्न : यंत्रशाळा

नमस्कार. चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी उत्पादन विभाग सांभाळतो. आमच्या सीएनसी (संगणक-नियंत्रित यंत्रांच्या) विभागात शिफ्ट सुपरवायझरची एक जागा लवकरच रिकामी होत असून ती बाहेरून न भरता आतल्याच माणसाला द्यावी, असे व्यवस्थापनाने ठरवले आहे. दोन नावे पुढे आली आहेत. दोघेही आयटीआय झालेले, दोघांची सेवा जवळपास सारखी आणि मशीनची जाण दोघांनाही उत्तम आहे. त्यामुळे निवड शेवटी स्वभावावर येऊन ठेपली आहे.

पहिला सेटर, म्हणजे कामासाठी मशीन जुळवून देणारा, अबोल आहे. शिफ्ट सुटताना तो नोंदवहीत जे लिहून जातो, ते वाचल्यावर पुढच्या शिफ्टच्या माणसाला त्याला फोन करावा लागत नाही. परवाचीच एक नोंद सांगतो : ‘मशीन ७, इन्सर्ट बदलली, ऑफसेट ०.०२ दिला, पुढचे तीन नग तपासले, तिसऱ्यावर बाहेरचा व्यास वरच्या मर्यादेजवळ, दर दहा नगांनी पाहावे.’ (इन्सर्ट म्हणजे धातू कापणारे पाते, ऑफसेट म्हणजे मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती.) हाच माणूस सकाळच्या बैठकीत मात्र तोंड उघडत नाही आणि एखाद्या ऑपरेटरची चूक झाली की इतक्या तुटकपणे बोलतो, की नवी मुले त्याच्याकडे शंका विचारायला जायला बिचकतात.

दुसऱ्याला सगळा विभाग ‘दादा’ म्हणतो. महिनाअखेरीला माल पाठवायची घाई असली, की त्याच्या एका शब्दावर चार माणसे जादा वेळ थांबतात. ग्राहक कंपनीचे ऑडिटर आले, तर त्यांना विभाग दाखवायला आम्ही त्यालाच पुढे करतो. मात्र पहिल्या नगाच्या तपासणीचा तक्ता तो त्या त्या वेळी न भरता बरेचदा शिफ्टच्या शेवटी एकदम भरतो.

एचआर विभागाने एका संस्थेकडून दोघांची ऑनलाइन स्वभावचाचणी करवून घेतली. उमेदवाराचा प्रकार चार अक्षरांत सांगणारी ही चाचणी आहे. अहवालात दुसऱ्याला ‘नेतृत्वास योग्य’ म्हटले आहे आणि पहिल्याला ‘स्वतंत्रपणे करायच्या कामास योग्य’ ठरवले आहे. आमचे एक सहकारी म्हणतात, की व्यक्ती तितक्या प्रकृती, त्यांचा कामाच्या दर्जाशी संबंध जोडू नये. दुसरे म्हणतात, की स्वभावाला औषध नसते, तेव्हा अहवाल सांगतो तेच अंतिम मानावे. मला यातले काहीच पटत नाही. स्वभावाचा कामावर परिणाम होतो का, होत असेल तर किती आणि कोणत्या मार्गाने, आणि अशा अहवालाला निर्णयात किती वजन द्यावे, हे या विषयातील जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

उत्तर १ : मनोविज्ञान_शिक्षिका

मी महाविद्यालयात औद्योगिक मानसशास्त्र शिकवते. आपल्या प्रश्नात दोन प्रश्न एकत्र आले आहेत. स्वभावाचा कामगिरीशी संबंध आहे का, हा एक आणि आपण वापरलेली चाचणी तो स्वभाव नीट मोजते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर होकारार्थी असले, तरी दुसऱ्याचे तसेच असेल असे नाही.

आधी चाचणीविषयी. चार अक्षरांत सोळा प्रकार सांगणाऱ्या चाचण्यांचा उगम कार्ल युंग यांनी १९२१ साली मांडलेल्या प्रकारांच्या कल्पनेत आहे. कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी त्या कल्पनेची प्रश्नावली केली. या दोघींनी मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते, पण माझा मुख्य आक्षेप त्यावर नाही. बहुतेक माणसे बहिर्मुखतेच्या मापावर मध्याच्या आसपास असतात, आणि ही चाचणी नेमकी मध्यावरच रेघ मारून अलीकडच्याला एक अक्षर आणि पलीकडच्याला दुसरे अक्षर देते. रेषेच्या अगदी जवळ असलेल्या माणसाने काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली, तर त्याचा प्रकार बदलू शकतो आणि अनेकांचा तो बदलतोही. या जातीची जी सर्वात प्रसिद्ध चाचणी आहे, तिचे प्रकाशकच ती नोकरभरतीसाठी किंवा निवडीसाठी वापरू नये असे सांगतात. आपल्या एचआर विभागाने संस्थेला एवढेच विचारावे, की या चाचणीत ‘योग्य’ ठरलेले सुपरवायझर पुढे प्रत्यक्षात चांगले काम करतात, याचा आपल्याकडे कोणता पुरावा आहे.

संशोधनात ज्या मापनाला मान्यता आहे, ते पाच घटकांचे आहे. १९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेगळे काढले. पुढच्या संशोधकांनी ती यादी आटवत नेली आणि १९६१ साली अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या ट्यूप्स आणि क्रिस्टल यांना निरनिराळ्या गटांत पुन्हापुन्हा तेच पाच घटक दिसले. कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती, भावनिक स्थैर्य आणि नव्या अनुभवांविषयीचा खुलेपणा, असे ते पाच घटक आज मांडले जातात. त्यांच्यावर आधारलेल्या प्रश्नावलीचे मराठी रूपांतर पुण्यातील मानसशास्त्रज्ञांनी केलेले असून त्यावरचा अभ्यास २००२ साली एका आंतरराष्ट्रीय संकलनात आला. त्यामुळे मराठी माणसांच्या बाबतीत हे माप अगदीच परके नाही. या घटकांत माणसाचे ‘प्रकार’ पाडले जात नाहीत. प्रत्येक घटक प्रत्येकात कमीअधिक प्रमाणात असतो, असे मानले जाते.

आता कामगिरीकडे वळू. १९६५ साली गियॉन आणि गॉटियर यांनी तोवरचे अभ्यास तपासून निवडीसाठी स्वभावचाचण्या वापरण्याला पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष काढला होता. १९६८ साली वॉल्टर मिशेल यांनी तर स्वभावावरून वर्तनाचे भाकीत करण्यावरच प्रश्नचिन्ह उभे केले, आणि त्यानंतर जवळजवळ दोन दशके हा विषय मागे पडला. १९९१ साली बॅरिक आणि माउंट यांनी ११७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा चित्र पालटले. व्यावसायिक, पोलीस, व्यवस्थापक, विक्रेते आणि कुशल कामगार अशा सर्व गटांत कर्तव्यदक्षतेचा कामगिरीशी संबंध दिसला. बहिर्मुखतेचा संबंध ठळक होता तो व्यवस्थापक आणि विक्रेते या दोन गटांपुरता.

हा संबंध खरा असला तरी लहान आहे. कर्तव्यदक्षतेचा कामगिरीशी असलेला सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) साधारण ०.२ च्या आसपास येतो. याचा व्यवहारातला अर्थ असा, की कर्तव्यदक्षतेत सरासरीच्या वर असलेली १०० माणसे घेतली, तर त्यांपैकी सुमारे ५६ कामगिरीतही सरासरीच्या वर निघतील. नुसती नाणेफेक केली असती, तरी ५० निघाली असती. हजार माणसांची भरती करणाऱ्या कंपनीला हा सहाचा फरक मोलाचा वाटेल. आपल्यासमोर मात्र दोनच माणसे आहेत आणि दोनांतून एक निवडताना केवळ चाचणीच्या गुणांवर विसंबणे फार धोक्याचे आहे. २०२२ साली पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी निवडीच्या सर्व पद्धतींचे आकडे नव्याने तपासले. त्यात सर्वांना तेच ठरवलेले प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत ०.४२ वर, म्हणजे सर्वांत वर आली आणि कर्तव्यदक्षतेची चाचणी ०.१९ वर राहिली.

आपल्या प्रकरणाशी सर्वांत जवळचा अभ्यास २००२ सालचा आहे. टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी स्वभाव आणि नेतृत्व यांच्या संबंधाचे विश्लेषण करताना एक भेद केला. गटाला कोण नेता वाटतो, ही एक गोष्ट आणि नेता झाल्यावर तो काम किती चांगले करतो, ही वेगळी गोष्ट. बहिर्मुखतेचा ‘नेता वाटण्या’शी सहसंबंध ०.३३ होता, प्रत्यक्ष परिणामकारकतेशी तो ०.२४ पर्यंत उतरला. जुळवून घेण्याच्या वृत्तीचे उलट झाले. नेता वाटण्याशी तिचा संबंध केवळ ०.०५ होता, परिणामकारकतेशी ०.२१. आपल्या दुसऱ्या उमेदवाराला सगळे ‘दादा’ म्हणतात आणि अहवालही त्यालाच नेता म्हणतो, याचे मला म्हणूनच आश्चर्य वाटत नाही. मात्र याच अभ्यासात कर्तव्यदक्षताही ०.३३ वरून ०.१६ पर्यंत उतरली होती, तेव्हा केवळ नोंदवही चोख आहे म्हणून पहिल्याच्या बाजूने कौल देणेही घाईचे ठरेल.

स्वभाव कामापर्यंत कसा पोहोचतो, हे आपण विचारलेत ते फार बरे झाले, कारण माझ्या मते खरा उपयोगाचा भाग तोच आहे. परिस्थितीने वाव दिला, तरच स्वभाव वर्तनात उतरतो. ऑडिटरसमोर आपले दोन्ही उमेदवार सारखेच वागतील, कारण तिथे काय करायचे हे परिस्थितीच ठरवते. रात्री अडीच वाजता व्यवस्थापक नाही, क्वालिटीचा माणूस दुसऱ्या टोकाला आहे आणि इन्सर्ट बदलल्यावर पहिला नग तपासायचा की तसेच पुढे जायचे, हे एकट्याने ठरवायचे आहे, अशा वेळी माणसातला फरक दिसतो. बॅरिक आणि माउंट यांनी १९९३ साली व्यवस्थापकांवर केलेल्या अभ्यासात हेच आढळले. ज्यांना कामात मोकळीक जास्त होती, त्यांच्यात कर्तव्यदक्षता आणि बहिर्मुखता यांचा कामगिरीशी संबंध अधिक घट्ट होता. तेव्हा आधी त्या जागेवरच्या माणसाला रोज कोणकोणत्या प्रसंगांना एकट्याने तोंड द्यावे लागते, हे लिहून काढा आणि मग त्या प्रसंगांत या दोघांनी आजवर काय केले, ते शोधा.

उत्तर २ : शाखाधिकारी_सांगली

मी कारखान्यातली नाही. सांगली जिल्ह्यातील एका नागरी सहकारी बँकेत शाखा सांभाळते, तरीही या चर्चेत दोन गोष्टी मांडाव्याशा वाटतात, कारण माणसे निवडण्याचा प्रश्न आमच्याकडेही हाच असतो.

पहिली गोष्ट जुळवून घेण्याच्या वृत्तीविषयी. आमच्या एका शाखेत कर्ज विभागाला अतिशय मनमिळाऊ अधिकारी होते. सहकाऱ्याची रजा असली तर त्याचे टेबल सांभाळणे, नव्या लिपिकाला शेजारी बसवून कामकाज शिकवणे, हे ते कोणी न सांगता करायचे. वार्षिक मूल्यमापनाच्या तक्त्यात अशा मदतीला रकाना नसतो, पण ते रजेवर गेले की शाखा अडखळायची, यावरून त्यांचे मोल आम्हाला कळत असे. त्याच अधिकाऱ्यांना ओळखीच्या कर्जदाराला ‘नाही’ म्हणणे मात्र जमत नसे. हप्ता थकला, की ते आणखी आठ दिवस देत आणि मग आणखी आठ. कर्ज ९० दिवस थकले, की ते अनुत्पादक धरावे लागते, हा नियम कोणाच्या स्वभावासाठी थांबत नाही. पुढे त्यांच्याकडे ठेवी आणि ग्राहकसेवेचे काम दिले आणि वसुलीला दुसऱ्या अधिकारी आल्या. माणूस तोच, स्वभाव तोच, पण दुसऱ्या टेबलावर त्यांची कामगिरी शाखेत सर्वांत चांगली ठरली. म्हणून ‘चांगला स्वभाव’ असा सरसकट शेरा मला कधीच पुरेसा वाटत नाही. कोणत्या टेबलासाठी चांगला, हे विचारावेच लागते.

दुसरी गोष्ट आपल्या अहवालाविषयी. शिक्षिका मॅडमनी जे पाच घटक सांगितले, त्यांत भावनिक स्थैर्य आहे. चार अक्षरांच्या अहवालात त्याला जागाच नसते. पेन्शनच्या दिवशी काउंटरपुढे रांग दारापर्यंत गेलेली असते, संगणक यंत्रणा मध्येच बंद पडते आणि लोक आवाज चढवतात, तेव्हा कोण शांत राहते आणि कोण पैसे मोजण्यात चुकते, यावर माझा संपूर्ण दिवस अवलंबून असतो. आपल्या शिफ्टमध्येही मशीन बंद पडणे, माल अडकणे आणि वरून फोन येणे हे एकाच वेळी घडत असणार. त्या वेळी हे दोघे कसे वागतात, याबद्दल आपल्या प्रश्नात एकही ओळ नाही. मला तीच माहिती सर्वांत आधी हवी असती.

उत्तर ३ : निवृत्त_मेजर

मी सैन्यदलातून निवृत्त झालो असून अधिकारी निवडीच्या कामाशी काही काळ जवळून संबंध आला होता. शिक्षिका मॅडमचे विवेचन मला मान्य आहे. तरी आकड्यांपलीकडची एक बाजू मांडतो, कारण स्वभाव जोखण्याची आपल्या देशातली सर्वांत जुनी आणि सातत्याने चाललेली व्यवस्था या चर्चेत यायला हवी.

सेवा निवड मंडळ, म्हणजे ज्याला सगळे एसएसबी म्हणतात, तिथे उमेदवाराची परीक्षा पाच दिवस चालते. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली अधिकारी निवडण्यासाठी जी मंडळे सुरू केली, त्यांच्यापासून ही पद्धत आपल्याकडे आली. अधिकाऱ्याला लागणारे १५ गुण त्यात ठरलेले आहेत. मानसशास्त्रज्ञाच्या चाचणीत ६० शब्द एकामागून एक दाखवतात आणि प्रत्येक शब्दावर १५ सेकंदांत वाक्य लिहायचे असते. त्यानंतर ६० प्रसंग देऊन ‘आपण काय कराल’ हे अर्ध्या तासात लिहायला सांगतात. वेळ इतका अपुरा असतो, की समोरच्याला आवडेल असे उत्तर रचायला सवड मिळत नाही. आपल्या ऑनलाइन चाचणीचा सर्वांत मोठा दोष मला नेमका इथे दिसतो. ‘मला लोकांत मिसळायला आवडते का’ असे ज्याला बढतीसाठी विचारले जाते, त्याला कोणते उत्तर सोयीचे, हे न कळण्याइतका कोणीही भाबडा नसतो.

मैदानावरचा भाग त्याहून शिकवणारा आहे. सुरुवातीच्या गटकार्यात नेता नेमलेलाच नसतो. फळी, बल्ली आणि दोर एवढेच देऊन अडथळे ओलांडायला सांगतात. पहिली काही मिनिटे मोठ्याने बोलणाऱ्यांची असतात. मग फळी तोकडी पडते, वेळ सरत जातो आणि तेव्हा आतापर्यंत गप्प असलेला एखादा मुलगा दोन वाक्यांत मार्ग सांगतो आणि गट पलीकडे जातो. असेही घडते, की त्या गप्प मुलाला मार्ग दिसलेला असतो, पण तो इतरांना पटवून देता येत नाही आणि गट तिथेच अडकतो. पाहणाऱ्याने या दोन्ही गोष्टी नोंदवायच्या असतात. नंतरच्या एका कार्यात प्रत्येकाला आळीपाळीने नेता नेमतात, म्हणजे ज्याला आपणहून पुढे येता येत नाही, त्यालाही अधिकार हातात आल्यावर काय करता येते, हे दिसते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मानसशास्त्रज्ञ, गटचाचणी अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी आपापले मत स्वतंत्रपणे बनवतात आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसून निर्णय करतात. एकाचे मत आधीच कानावर पडले, की दुसऱ्याचे डोळे तेच शोधू लागतात. आपल्या कारखान्यात अहवाल आधी आला आणि सर्वांनी तो वाचलाही. आता शक्य असेल, तर दोघांनाही काही आठवडे प्रभारी सुपरवायझर म्हणून काम द्या, रात्रपाळीसह द्या आणि उत्पादन, क्वालिटी आणि देखभाल या तीन विभागांच्या माणसांना परस्परांशी न बोलता निरीक्षणे लिहायला सांगा. ‘छान सांभाळले’ असे न लिहिता काय घडले आणि त्याने काय केले, एवढेच लिहावे.

यंत्रशाळा (मूळ प्रश्नकर्ता)

आपल्या तिघांचा मी मनापासून आभारी आहे. शाखाधिकारी ताईंनी विचारलेली माहिती मी आपल्याच नोंदवह्यांतून आणि हजेरीपत्रकांतून काढण्याचा प्रयत्न केला. मागील तिमाहीत ज्या मशीनचे सेटिंग पहिल्याने केले होते, त्यांवर रिजेक्शन, म्हणजे सदोष म्हणून बाद होणारा माल, स्पष्टपणे कमी आहे. दुसरा ज्या शिफ्टला असतो, तिथे आयत्या वेळी दांडी मारणाऱ्यांचे प्रमाण कमी आहे. हे दोन्ही फायदे पैशांत मोजण्यासारखे आहेत.

ताणाच्या प्रसंगाबद्दल विचारल्यावर देखभालीच्या फोरमननी सांगितले, की स्पिंडल अडकला त्या रात्री पहिल्याने आवाज न चढवता मशीन बंद केली, माल बाजूला काढून त्यावर लाल टॅग लावला आणि मग फोन केला. दुसऱ्यानेही अशाच एका रात्री धीर सोडला नाही, मुलांना दुसऱ्या मशीनवर लावून उत्पादन चालू ठेवले, पण संशयास्पद माल चांगल्या मालात मिसळला गेला आणि सकाळी सगळा लॉट पुन्हा तपासावा लागला.

आता माझा एकच प्रश्न उरतो. पहिल्याचा तुटकपणा आणि दुसऱ्याचा नोंदींतला ढिसाळपणा, यांपैकी काय सुधारू शकते? दोघेही तिशीच्या पुढचे आहेत.

उत्तर ४ : मनोविज्ञान_शिक्षिका

मेजर साहेबांची सूचना मी पूर्णपणे उचलून धरते. तीन विभागांची स्वतंत्र निरीक्षणे, हे आपल्याला परवडणारे सर्वांत चांगले माप आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे येते. ‘स्वभावाला औषध नाही’ हे संशोधनाला धरून नाही. २००६ साली ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी माणसांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणारे अभ्यास एकत्र केले, तेव्हा विशीपासून चाळिशीपर्यंत कर्तव्यदक्षता आणि भावनिक स्थैर्य सरासरीने वाढत जाताना दिसले. पण हा बदल संथ असतो. आपल्याला बढतीचा निर्णय काही आठवड्यांत करायचा आहे, तेव्हा स्वभाव बदलेल या भरवशावर न राहता वर्तन बदलता येईल का, एवढेच पाहा.

तुटक बोलणे हे पुष्कळ अंशी कौशल्याच्या अभावातून येते. ऑपरेटरला चूक कशी दाखवावी, बाजूला घेऊन कसे सांगावे, शिफ्टच्या सुरुवातीला पाच मिनिटे उभ्याने बोलताना काय काय सांगावे, हे शिकवता येते आणि सरावाने जमते. त्याने गप्पिष्ट होण्याची गरज नाही. शिवाय अबोल नेता सर्वत्र उणाच पडतो असेही नाही. अमेरिकेतील एका पिझ्झा साखळीच्या ५७ दुकानांवर ॲडम ग्रँट, फ्रान्सेस्का जिनो आणि डेव्हिड हॉफमन यांनी केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात जिथे कर्मचारी आपणहून सूचना करत आणि पुढाकार घेत, तिथे कमी बहिर्मुख व्यवस्थापकांच्या दुकानांचा नफा जास्त होता. जिथे कर्मचारी सांगितले तेवढेच करत, तिथे बहिर्मुख व्यवस्थापक सरस ठरले. आपल्या विभागात पुढाकार घेणारे अनुभवी ऑपरेटर किती आणि नवे प्रशिक्षणार्थी किती, यावर पहिल्याचे यश बरेच अवलंबून राहील. विभागात नव्या मुलांचाच भरणा असेल, तर त्यांचे त्याला बिचकणे ही किरकोळ बाब राहत नाही, कारण विचारायला न आलेल्या शंकेतूनही रिजेक्शन होते.

दुसऱ्याच्या ढिसाळपणावर व्यवस्थेने मात करता येते. पहिल्या नगाचे माप नोंदवल्याशिवाय लॉट पुढे जाणारच नाही, अशी अट घातली, तर तक्ता शेवटी भरण्याची सोयच उरणार नाही. साधा ऑपरेटर किंवा सेटर असता, तर मी एवढ्यावर समाधान मानले असते. पण सुपरवायझर झाल्यावर ती अट पाळली जाते की नाही, हे पाहणारा तोच असेल आणि रात्री त्याच्यावर दुसरे कोणी नसेल. मालावर लाल टॅग लावणे आणि माल मिसळला जाणे, हा आपण सांगितलेला फरक मला म्हणूनच फार महत्त्वाचा वाटतो. दोघेही शांत राहिले, पण शांत राहून एकाने नियम सांभाळला आणि दुसऱ्याने वेग सांभाळला. वाहनाच्या सुट्या भागात सदोष नग पुढे जाणे किती महाग पडते, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. आजच्या माहितीवर माझा कल पहिल्याकडे आहे, मात्र प्रभारी कामाच्या काळात नवी मुले त्याच्याकडे शंका घेऊन येऊ लागली की नाहीत, हे पाहूनच तो कायम करावा.

दुसऱ्याला नकार कळवताना ‘तुझा प्रकार या कामाचा नाही’ असे शब्द कोणाच्याही तोंडून जाऊ देऊ नयेत. त्याला तक्त्याची आणि मिसळलेल्या लॉटची उदाहरणे द्यावीत, म्हणजे काय सुधारायचे हे त्याच्या हाती राहील. ग्राहकांच्या भेटी आणि नव्या मुलांचे प्रशिक्षण ही कामे त्याच्याकडे अधिकृतपणे, भत्त्यासह देता आली, तर पहा. तो ती आजही करतच आहे.

आणि तो चार अक्षरांचा अहवाल दोघांच्याही वैयक्तिक फायलीत ठेवू नये, असे एचआर विभागाला लेखी कळवावे. तो तिथे राहिला, तर पुढच्या प्रत्येक बढतीच्या वेळी नवा व्यवस्थापक तो आधी वाचेल आणि माणसाकडे नंतर पाहील.